आधी खाऊ पाळा, मग सरडा!

सदर : परसातलं विज्ञान



जूनच्या शेवटी दौंडहून एक पत्र आलं. लिहिणारा मुलगा सहावीत आहे. पत्र छापायला त्याची हरकत नाही, पण 'नाव नको' म्हणाला, म्हणून नाव देत नाही. तो लिहितो :

"बाई, मी आमच्या घरामागं घाणेरीच्या झुडपात एक सरडा पकडलाय. त्याला बुटाच्या खोक्यात ठेवलाय. मोबाईलवर मी बघितलं, परदेशातली मुलं सरडे पाळतात आणि त्यांना रातकिडे आणि अळ्या खायला घालतात. त्या अळ्या पुण्याला दुकानात मिळतात, पण बाबा आणून देत नाहीत. अळ्या आणि रातकिडे घरीच कसे वाढवायचे ते सांगा. लवकर सांगा. तीन दिवस झाले, तो काहीच खात नाही. आईला माहीत नाही."

पत्र वाचून माझ्या पोटात कालवलं. दौंड आणि शिरूर हे शेजारी शेजारी तालुके, पण पत्राला यायला चार दिवस लागले होते. म्हणजे तीन आणि चार, सात दिवस झाले! पत्रात फोन नंबर नव्हता. मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं. त्यावर दोनच ओळी लिहिल्या : 'सरड्याला आजच्या आज, ऊन असताना, जिथं पकडला त्याच झुडपात सोडून ये. किडे कसे पाळायचे ते मी नक्की सांगते.'

पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आज दिलेला शब्द पाळायचा आहे. पण त्याआधी, मला इतकी घाई का झाली ते ऐका.

मीही चौथीत असताना सरडा पाळला होता. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला. बांधावर एक बोटभर लांबीचं सरड्याचं पिल्लू सापडलं. मी त्याला कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. खाली माती, वर हिरवा पाला. बाजरीची भाकरी कुस्करून घातली, दुसऱ्या दिवशी दूधभात घातला, तिसऱ्या दिवशी मेलेल्या माशा गोळा करून घातल्या. त्याने कशालाच तोंड लावलं नाही. आजीनं बघितलं आणि म्हणाली, "आगं, त्याला भाकरी काय कळतीय! त्याला जे हालतं तेच दिसतं. सोड त्याला." मी सोडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ते पालथं पडलेलं होतं. बरणीत खायला इतकं काही असताना ते उपाशी मेलं, याचं मला कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

आजीचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं, हे मला पुढं कळलं. बागेतला सरडा शिकार ओळखतो ती हालचालीवरून. पुढ्यात पडलेली मेलेली माशी त्याला बहुतेक वेळा खाऊ वाटतच नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. आपलं अंग आतून गरम राहतं, सरड्याचं राहत नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. सकाळी कुंपणावर तो पसरून बसतो ना, तेव्हा तो आळस करत नसतो, अंग तापवत असतो. अंग तापलं की तो पळू शकतो, शिकार करू शकतो आणि खाल्लेलं पचवूही शकतो. खोक्यातल्या अंधारात त्याला खायला दिलं तरी पचणार कसं?

तिसरी गोष्ट हाडांची. उन्हात एक प्रकारचे अतिनील किरण असतात. ते अंगावर पडले की शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर खाण्यातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचतं. साध्या काचेतून उजेड आत येतो, ऊबही येते, पण हे किरण काच अडवून धरते. त्यातून रातकिडे आणि अळ्या यांच्यात कॅल्शियम मुळातच कमी आणि फॉस्फरस जास्त. म्हणून परदेशात जे लोक सरडे पाळतात ते खास दिवे लावतात आणि किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. ते चुकलं की सरड्याचा जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात. मोबाईलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत हे सगळं दिसत नाही.

आणि बरणी उन्हात ठेवली तर? तर आतली हवा तव्यासारखी तापते. रानात सरडा ऊन लागलं की सावलीत जातो. बरणीत सावली कुठली?

चाळकेवाडीचे सरडे

आता थोडं साताऱ्याकडं जाऊ, कारण सरडा आणि त्याचा खाऊ यांचा हिशेब तिथं फार छान समजतो.

सरडा म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळे सरडे सारखेच. तसं नाही. आपल्या माळरानांवर एक छोटा सरडा असतो. उन्हाळ्यात त्याचा नर दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. अशा सरड्यांचा अभ्यास करताना २०१६ साली शास्त्रज्ञांना त्यांचा एक वेगळाच गट सापडला. त्या गटाला त्यांनी शास्त्रीय नाव काय दिलं असेल? 'सरडा'! होय, आपलाच मराठी शब्द. जगात कुठंही पुस्तकात या प्राण्याचं नाव लिहायचं तर आता 'सरडा' असंच लिहावं लागतं. त्यातलीच एक जात 'सरडा सुपर्बा'. ती साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर राहते. त्या नरांच्या गळ्यावर निळा, काळा आणि नारिंगी रंग असतो.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथं एक साधा प्रश्न विचारला : पवनचक्क्यांजवळचे सरडे आणि लांबचे सरडे यांच्यात काही फरक आहे का? त्यांचं उत्तर २०१८ साली प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ एक चतुर्थांशच उरले होते. खाणारे कमी, म्हणून सरडे वाढले. ते धीट झाले होते, माणूस अगदी जवळ जाईपर्यंत पळत नव्हते.

मग मजाच की! पण थांबा. ते सरडे हडकलेले होते. नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले होते. सरडे पुष्कळ आणि किडे तेवढेच. वाटणीला कमी आलं.

यातून काय शिकायचं? सरडा ही एकट्याची गोष्ट नाही. प्रत्येक सरड्यामागं न दिसणारी किड्यांची एक मोठी रांग उभी असते. सरडा खोक्यात ठेवला म्हणजे ती रांग आपल्याला उभी करावी लागते. रोज.

म्हणून मी म्हणते, आधी खाऊ पाळा.

किडे पाळणं म्हणजे खूळ नव्हे

'किडे पाळतोय' म्हटल्यावर घरचे हसतील. त्यांना उसाची गोष्ट सांगा. दौंड-शिरूर भागात ऊस पुष्कळ. उसाला खोडकिड्याचा त्रास. त्याच्यावर शेतकरी 'ट्रायकोकार्ड' लावतात. पोस्टकार्डापेक्षा लहान अशी ती कागदाची पट्टी उसाच्या पानाला अडकवलेली असते. त्यावर सुमारे वीस हजार बारीक अंडी चिकटवलेली असतात. ती कोणाची? तांदळात आणि ज्वारीत जाळी करणाऱ्या अळीच्या पाखराची. आई धान्य निवडताना उडतं ना, तेच करडं पाखरू!

प्रयोगशाळेत हे पाखरू मुद्दाम पाळतात. पेट्यांमध्ये ज्वारीचा भरडा भरायचा, त्यात अंडी टाकायची, सुमारे चाळीस दिवसांनी पाखरं निघू लागतात. ती गोळा करून त्यांची अंडी घ्यायची. मग टाचणीच्या टोकाएवढी ट्रायकोग्रामा नावाची माशी त्या अंड्यांत आपली अंडी घालते. तिची पिल्लं ती अंडी खाऊनच वाढतात. पट्टी शेतात लावली की नव्या माश्या बाहेर येतात आणि खोडकिड्याची अंडी शोधत फिरतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात या जैविक कीड नियंत्रणाचं संशोधन चालतं. म्हणजे एका किड्यासाठी दुसरा किडा 'खाऊ' म्हणून वाढवणं हे मोठ्या माणसांचं आणि शेताच्या कामाचं शास्त्र आहे.

थायलंड देशात तर १९९८ पासून शेतकरी रातकिड्यांची शेती करतात, माणसांनी खाण्यासाठी! आपल्याला तितकं पुढं जायचं नाही.

रातकिड्यांचा टब

साहित्य : झाकण असलेला प्लास्टिकचा उंच टब किंवा जुनी बादली, डासाची जाळी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे दोन-तीन ट्रे, गव्हाचा कोंडा, गाजराचे किंवा काकडीचे तुकडे, कापूस, दोन चपटी झाकणं, एक डबी बारीक ओली वाळू, वही आणि पेन्सिल. आणि हो, आईची परवानगी. ती साहित्यात पहिली.

रातकिडे विकत आणायची गरज नाही. पावसाळ्यात रात्री दिव्याखाली काळे चकचकीत रातकिडे येतात. ज्याच्या पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके दिसतील तो घ्या. कोणी मोठं माणूस बरोबर असेल तरच बाहेर जा, आणि दगडाखाली हात घालू नका. विंचू तिथंच बसतो.

नर-मादी ओळखणं सोपं. मादीच्या शेपटाकडं सुईसारखी लांब नळी असते, ती अंडी घालायची नळी. नराला ती नसते. पण 'किर्र किर्र' गाणं नराचंच. तोंडानं नव्हे, पंखावर पंख घासून. आणि ते गाणं ऐकायचे कान कुठं असतात? पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली! चार नर आणि सात-आठ माद्या पुरे.

कृती :

१. टबाच्या झाकणाला मोठी चौकोनी खिडकी कापून तिथं जाळी बसवा. हे काम मोठ्यांकडून करून घ्या.

२. अंड्यांचे ट्रे उभे ठेवा. रातकिड्यांना लपायला जागा लागते. गर्दी झाली आणि लपायला जागा नसली की ते एकमेकांचे पाय खातात.

३. एका झाकणात कोंडा ठेवा. दुसऱ्यात ओला कापूस ठेवा. वाटीत पाणी कधीच ठेवू नका, पिल्लं बुडून मरतात. गाजराचा तुकडा रोज बदला. बुरशी आली की टबच बिघडतो.

४. ओल्या वाळूची डबी आत ठेवा. माद्या नळी खुपसून तिच्यात अंडी घालतात. आठवड्यानं ती डबी काढून दुसऱ्या टबात ठेवा. वाळू सुकू देऊ नका.

५. उबदार दिवस असतील तर दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं बाहेर पडतात. पंख फुटून मोठी व्हायला त्यांना दीड-दोन महिने लागतात. थंडीत फार वेळ लागतो. शिरूरच्या डिसेंबरातल्या रात्री हा प्रयोग करायच्या नाहीत.

मधूनच एखादा पांढराफटक रातकिडा दिसेल. तो आजारी नाही. त्याने नुकतीच कात टाकलेली आहे. थोड्या वेळात तो पुन्हा काळा होतो. त्या वेळी त्याला हात लावू नका, तो लोण्यासारखा मऊ असतो.

कोंड्यातली अळी

पुण्यात पक्ष्यांचं आणि माशांचं खाद्य विकणाऱ्या दुकानांत पिवळ्या-तपकिरी अळ्या मिळतात. त्यांना 'मीलवर्म' म्हणतात. ही एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. बोटाच्या एका पेराएवढी होते. रातकिड्यासारखी ती उडी मारत नाही, ओरडत नाही, म्हणून घरच्यांना जास्त आवडते.

पसरट डब्यात दोन-तीन इंच गव्हाचा कोंडा घाला. तेच तिचं अंथरूण आणि तेच जेवण. वर बटाट्याची किंवा गाजराची चकती ठेवा, तिच्यातून पाणी मिळतं. अळी काही आठवडे खात राहते, मग कोष होतो. कोष पांढरट असतो, हात लावला की शेपूट हलवतो. कोष वेगळे काढा, नाहीतर भुकेल्या अळ्या ते कुरतडतात. एक ते तीन आठवड्यांत भुंगेरा निघतो. एक मादी काही शे अंडी घालते. ती कोंड्याला चिकटलेली असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून जुना कोंडा 'काही नाही यात' म्हणून फेकू नका. भुंगेरे दोन-तीन आठवड्यांनी नव्या डब्यात घाला. जुन्या डब्यात पिल्लं निघतील.

पण एक पक्कं लक्षात ठेवा. ही धान्याची कीड आहे. डबा धान्याच्या कोठीपासून लांब, आणि अळी किंवा भुंगेरा बाहेर एकही सोडायचा नाही. रातकिडे आपल्याच गावचे, ते जिथून आणले तिथं परत सोडता येतात. मीलवर्म सोडता येत नाहीत.

ज्यांना दमा आहे किंवा धुळीनं शिंका येतात, त्यांनी हे डबे चाळायचे नाहीत. किड्यांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ नाकात जाते. बाकीच्यांनीही नाकाला रुमाल बांधावा आणि नंतर साबणानं हात धुवावेत.

एका मेथीच्या जुडीची गोष्ट

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही रातकिड्यांचा टब ठेवला होता. मुलांनी दोन महिने मनापासून सांभाळला. रोज पाळी, रोज नोंद. दीडशेच्या वर पिल्लं मोजली होती. एका शुक्रवारी एका मुलीनं घरच्या शेतातली मेथी आणली. हिरवीगार, ताजी. सगळ्यांनी मिळून ती टबात घातली.

शनिवारी सकाळी टबात आवाज नव्हता. सगळे रातकिडे उलटे पडले होते.

ती मुलगी रडायलाच लागली. घरी विचारल्यावर कळलं, मेथीवर दोन दिवसांपूर्वी औषध मारलं होतं. तिची काही चूक नव्हती. पानं धुऊन घ्या, हे मी सांगायला हवं होतं. आणि धुऊनही सगळं औषध जात नाही. चूक माझी.

त्या दिवशी वर्गात एका मुलानं विचारलं, "बाई, आपल्या टबातले मेले ते आपल्याला दिसले. मेथीच्या वाफ्यातले मेले असतील ते कोणी मोजले? आणि ते सरड्यानं खाल्ले असतील तर?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. सरड्याचा खाऊ आपण टबात वाढवायला लागलो, तेव्हाच रानातला त्याचा खाऊ कसा जातो ते आम्हाला दिसलं.

म्हणून टबात घरच्या परसातला, औषध न मारलेलाच पाला घाला. टबाच्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा फवारा नको. आणि फार गर्दी करू नका. रातकिड्यांना साथीचे रोग होतात. अमेरिकेत २०१० च्या सुमारास अशाच एका विषाणूच्या साथीनं रातकिड्यांच्या मोठमोठ्या शेतांतला माल मेला.

आता गणित

वही काढा. धरू की एक सरडा दिवसाला पाच छोटे रातकिडे खातो. महिन्याला किती? दीडशे. वर्षाला? अठराशे पंचवीस. आता आमच्या वर्गाचा टब आठवा. सगळा वर्ग दोन महिने राबला तेव्हा दीडशे झाले. म्हणजे एका सरड्याचं एका महिन्याचं जेवण! शिवाय सगळे एकाच आकाराचे चालत नाहीत. पाळणारे सांगतात की प्राण्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा देऊ नये. म्हणजे दर पंधरा दिवसांनी नवी डबी लावायची, तेव्हा कुठं योग्य आकाराचा खाऊ रोज हाताशी राहणार. परीक्षा असो, मामाच्या गावाला जायचं असो, सुट्टी नाही.

आणि घरामागच्या झुडपात हाच सरडा हा सगळा खाऊ स्वतः शोधतो. फुकट. आपल्याला न विचारता.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. घोरपड, अजगर, रंग बदलणारा घोयरा, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव ही सगळी त्या कायद्याच्या यादीत आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. 'कासव घरात असलं की लक्ष्मी येते' असं सांगून कोणी तारा कासव विकत असेल तर घ्यायचं नाही. इग्वानासारखा परदेशी प्राणी कोणाकडं असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारकडं नोंद करावी लागते. जखमी प्राणी सापडला तर स्वतः पाळायचा नाही, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर मोठ्यांना फोन करायला सांगायचं. सरपटणारे प्राणी जवळून बघायचे असतील तर पुण्याला कात्रजला जा. तिथलं सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं सुरू झालं.

"पण बाई, बागेतला साधा सरडा तर कितीतरी असतात!" असतात. म्हणूनच त्याला खोक्यात घालायची गरज नाही. आपली म्हणच आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. त्याला कुंपणच हवं असतं. तुम्ही फक्त कुंपणापर्यंत चालत जायचं.

मग वाढवलेल्या किड्यांचं करायचं काय? घरी कोंबडीची पिल्लं असतील तर त्यांच्यापुढं चार मीलवर्म टाका आणि पळापळ बघा. घरी माशांची टाकी असेल तर छोटी अळी त्यांना द्या. रातकिडे जिथून आणले तिथंच सोडा. तुमची वही मात्र जपून ठेवा. अंडी कधी घातली, पिल्लं कधी निघाली, किती जगली, हे लिहिलेली वही म्हणजे तुमचं स्वतःचं शास्त्र.

दौंडचं दुसरं पत्र

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगते. त्याचं दुसरं पत्र ऑगस्टमध्ये आलं.

"बाई, तुमचं कार्ड आईच्या हातात पडलं. आई आधी रागावली. मग आम्ही दोघं मिळून सरडा सोडायला गेलो. मला वाटलं तो पळून जाईल. पण तो पळालाच नाही. झुडपाच्या बुंध्याशी तसाच बसून राहिला. आई म्हणाली, मेला का रे? आम्ही खूप वेळ उभे राहिलो. मग ऊन त्याच्या अंगावर आलं. थोड्या वेळानं त्याने डोकं वर केलं आणि हळूच वर चढला.

आता आईनं मला जुना टब दिलाय. तो ओट्यावर ठेवायचा, घरात आणायचा नाही. रातकिडे ओरडले आणि बाबांची झोपमोड झाली तर टब बंद, असं ठरलंय. पहिल्यांदा चाळीस पिल्लं मोजली. आज एकतीस आहेत. नऊ का मेली ते कळत नाही. कापूस सुकला होता, त्यामुळं असेल का?

झुडपात रोज एक सरडा बसतो. तोच आहे असं मला वाटतं."

बाळा, तोच आहे की दुसरा, हे मला इथून सांगता येणार नाही. पण तुला सांगता येईल. त्याच्या शेपटीचं टोक, पाठीवरचे पट्टे, बसायची फांदी, सगळं नीट बघ आणि वहीत चित्र काढ. आणि हो, कापूस सकाळ-संध्याकाळ ओला करत जा. नऊ पिल्लं गेली म्हणून खचू नकोस. माझा तर अख्खा वर्ग एका मेथीच्या जुडीनं हरला होता!

बाकीच्या दोस्तांसाठी या आठवड्याचं काम : आपल्या घराजवळचं एक कुंपण, बांध किंवा झुडूप निवडा. सकाळी आठ ते नऊ या वेळात तीन दिवस तिथं लांबूनच बसा. सरडा दिसला तर त्याने किती वेळात किती किडे पकडले ते मोजा. हात लावायचा नाही, दगड तर नाहीच नाही. कोणी म्हणेल, 'सरडा बघूनच रक्त शोषतो, म्हणून तोंड लाल होतं.' त्यांना सांगा, विणीच्या दिवसांत नराचं डोकं लाल होतं ते मादीला दिसावं म्हणून. रक्ताचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तुमचे आकडे पोस्टकार्डावर लिहून मासिकाच्या नव्हे, आपल्या या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. कार्डावर गावाचं नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका. सगळ्या गावांचे आकडे मिळाले की आपण त्यांचा तक्ता करू.

आणि कोणाच्या घरी आत्ता, या घडीला, एखाद्या खोक्यात सरडा असेल, तर अंक खाली ठेवा आणि ऊन आहे तोवर आधी त्याला सोडून या. बाकीचं नंतर वाचा.

तुमच्या बाई